अंग का लवते?

पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ आणि स्त्रीचा डावा लवला तर शुभ, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिचा उगम शोधू जाणे व्यर्थ होय. कालिदासाच्या दुष्यंताने कण्वाच्या आश्रमात पाऊल ठेविले तेव्हा त्याचा उजवा बाहू स्फुरला. आणि त्याच नाटकाच्या पाचव्या अंकात राजापुढे येताना शकुंतलेचा उजवा डोळा लवला. पहिल्या शकुनामागून विवाह आला, दुसऱ्यामागून वियोग. नाटककाराचे काम एका स्फुरणाने भागले. परंतु ज्याच्या पोटरीचे मांस महिना उलटला तरी लवावयाचे थांबत नाही, त्याने कोणता शकुन मानावा? तेथे पंचांग अपुरे पडते आणि डॉक्टरांचे दार ठोठावणे भाग पडते. त्या दाराशी केव्हा जावे, गेल्यावर काय सांगावे, कशास भ्यावे आणि कशास भिऊ नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, विषय समजावा म्हणून अकोटच्या एका गृहस्थांची हकीकत उदाहरणादाखल घ्यावी. ती कोणा एका व्यक्तीची नव्हे. वऱ्हाडातील अनेक घरांतून जे घडते त्यावरून ती जुळविलेली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, नरनाळ्याच्या किल्ल्याच्या दक्षिणेस वसलेले अकोट हे कापसाच्या बाजाराचे गाव. हे गृहस्थ गावात नोकरी करणारे, वय अठ्ठेचाळीस, शिकलेले, आणि गावाबाहेर वडिलार्जित दहा एकर कपाशी बाळगून असलेले. शेत पाहण्यास एक सालदार ठेविलेला. श्रावणात एके दिवशी गृहस्थांची डावी पापणी फडफडू लागली. आठवड्याने पापणी थांबली आणि उजव्या पोटरीत कातडीखाली काहीतरी वळवळते आहे असे दिसू लागले. पुढे दंडात, पुढे मांडीत, पुढे पुन्हा पापणीत. दुखत नव्हते, खुपत नव्हते. पण रात्री दिवा मालवून अंथरुणावर पडले की सर्व अंगाने जणू त्यांच्याशी बोलावयास प्रारंभ करावा, अशी स्थिती झाली.

आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारी म्हणाले, "भाऊ, वात हाय, तेल चोपडा." एका स्नेह्याने कुठल्याशा भस्माची पुडी आणून दिली आणि तीत काय आहे हे न विचारता ती दुधातून घेतली गेली. पत्नीने मात्र दोनदा सांगितले, "अहो, एकदा डॉक्टरांना का दाखवत नाही?" त्यावर गृहस्थांचे उत्तर ठरलेले होते: एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांकडे गेलो तर ते हसतील. या लाजेपायी तीन आठवडे गेले.

चौथ्या आठवड्यात त्यांनी हातातील फोनवर आपल्या लक्षणाचा शोध घेतला. तेथे त्यांना एका असाध्य रोगाचे नाव भेटले आणि त्या क्षणापासून त्यांची झोप उडाली. पहाटे उठून ते आरशात जीभ पाहू लागले. बोटांची पकड शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी बरण्यांची झाकणे उघडून पुन्हा लावू लागले. चवड्यांवर उभे राहून किती पावले चालता येते हे मोजू लागले. जागरणाने चहा वाढला. चहाने व जागरणाने मांसाचे लवणे वाढले. आणि ते वाढले म्हणून भीतीही वाढली. पुण्यास असलेल्या मुलाला त्यांनी काही कळविले नाही. पण घराचे कागदपत्र एका पिशवीत नीट लावून ठेविले. पिशवी पाहून पत्नी काय समजायचे ते समजली. दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसली.

डॉक्टरांनी काय केले हे सांगण्यापूर्वी मांस लवते म्हणजे काय होते, ते थोडक्यात पाहणे इष्ट आहे. स्नायू आपण होऊन हलत नाही. त्यास आज्ञा लागते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असलेल्या पेशींपासून निघालेले तंतू ही आज्ञा स्नायूपर्यंत नेतात. एकेक पेशी स्नायूच्या धाग्यांचा एकेक गट सांभाळते. डोळा फिरविणाऱ्या नाजूक स्नायूंत असा गट दहापाच धाग्यांचा असतो, तर पोटरीच्या जाड स्नायूत तो हजाराच्याही वर जातो. ही आज्ञा विद्युत्‌स्वरूपाची आहे याचा पहिला सुगावा इटलीतील बोलोन्या येथील गॅल्व्हानी यांस लागला. मेलेल्या बेडकाचे पाय विजेच्या स्पर्शाने उडतात हे त्यांनी 1791 साली प्रसिद्ध केले. परंतु तंतूच्या टोकाशी पोचलेली आज्ञा शेवटची खिंड ओलांडते ती एका रसायनाच्या साह्याने. ऑटो लोवी यांनी 1921 साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतूंच्या टोकातून असे रसायन पाझरते हे दाखविले आणि त्या शोधाबद्दल 1936 साली त्यांस व हेन्री डेल यांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. या रसायनाचे नाव ॲसिटिलकोलीन. ते पाझरले की स्नायू आकुंचन पावतो. आणि काम होताच कोलिनेस्टरेज नावाचे दुसरे द्रव्य त्याचा तत्काळ नाश करून टाकते, म्हणून स्नायू पुन्हा सैल होतो. घंटा वाजविणारा एक आणि तिचा नाद थांबविणारा दुसरा, अशी ही जोडी आहे. पुढील हकीकतीत या दुसऱ्याचे काम पडणार आहे.

कधी कधी वरून आज्ञा नसतानाही एखादा तंतू आपण होऊन पेटतो आणि त्याच्या ताब्यातील धाग्यांचा गट क्षणभर आखडतो. कातडीखाली जी लहर दिसते ती हीच. तिने सबंध हात किंवा पाय हलत नाही. तेवढाच मांसाचा ठिपका थरथरतो. ही गोष्ट निरोगी शरीरातही घडते, आणि क्वचित नव्हे तर पुष्कळ वेळा घडते. अमेरिकेत रीड आणि कर्लंड यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे 70 टक्के निरोगी माणसांनी आपले मांस असे लवते, असे सांगितले होते. श्रम, जागरण, चिंता, चहा-कॉफीचा अतिरेक, उन्हात घाम जाऊन शरीरातील क्षार कमी होणे, ही त्याची नित्याची निमित्ते होत. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी काम केलेल्या माणसास रात्री पोटरीत पेटके का येतात, हे तिकडच्या लोकांस निराळे सांगावयास नको.

याखेरीज काही कारणे शरीराच्या आत असतात व ती साध्या तपासणीने सापडतात. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली की हात कापतात, वजन घटते, छाती धडधडते आणि मांसही लवते. रक्तातील कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा पोटॅशियम कमी झाले तरी स्नायू बिथरतात. दम्यासाठी ओढण्याची काही औषधे आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांचाही असा परिणाम होतो. मानेच्या किंवा कमरेच्या मणक्यात एखादी शीर दाबली गेली तर त्या शिरेच्या हद्दीतील स्नायूच तेवढा लवतो. चेहऱ्याची एकच बाजू डोळ्यापासून ओठापर्यंत सारखी आक्रसू लागली तर तो निराळा विकार होय आणि त्यावर इंजेक्शनाचा उपाय आहे. आणखी एक कारण येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. पाऱ्याचा अंश असलेली औषधे घेतलेल्या काही रुग्णांत मज्जातंतू अनावर पेटून सर्वांगाचे मांस लवत राहिल्याची नोंद भारतातील डॉक्टरांनीच केलेली आहे. म्हणून पुडीत काय आहे हे देणाऱ्यास ठाऊक नसेल तर घेणाऱ्याने ती घेऊ नये.

आता ज्या रोगाच्या नावाने त्या गृहस्थांची झोप उडाली, त्याविषयी. मज्जारज्जूतील व मेंदूतील त्या आज्ञा देणाऱ्या पेशीच हळूहळू मरत जातात, असा हा रोग आहे. पॅरिसचे शार्को यांनी 1869 साली त्याचे वर्णन केले. अमेरिकेतील बेसबॉलचा प्रसिद्ध खेळाडू लू गेरिग त्याने 1941 साली वारला, म्हणून तिकडे त्यास त्या खेळाडूचेच नाव पडले. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांस 1963 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, या वर्गाचा रोग असल्याचे निदान झाले; ते 2018 पर्यंत जगले, परंतु तो अपवाद होय. या रोगात मांस लवते हे खरे. पण त्यात जे मुख्य आहे ते लवणे नव्हे. शक्ती जाणे हे होय. सदऱ्याची गुंडी लागत नाही. चालताना पायातली चप्पल निसटते आणि निसटल्याचे कळत नाही. किल्ली फिरत नाही, घोटाभर पाण्याने ठसका लागतो, जीभ जड होऊन शब्द एकमेकांत मिसळतात, अंगठा व तर्जनी यांमधील मांस झडून तेथे खळगा पडतो. ही चिन्हे असतील तर एक दिवसही दवडू नये. ही नसतील आणि मांस आज येथे, उद्या तेथे असे नुसते लवत असेल, तर त्या लवण्यास एकट्याने फारसा अर्थ नाही.

हे केवळ सांत्वन नव्हे. अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथील डॉक्टरांनी ज्यांचे मांस लवते पण शक्ती शाबूत आहे अशा 121 रुग्णांचा पाठपुरावा केला. कोणाचा दोन वर्षे, तर कोणाचा बत्तीस वर्षांपर्यंत. 1993 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला तेव्हा त्या 121 जणांपैकी एकासही तो असाध्य रोग झालेला नव्हता. हातास बारीकपणा आला तरी तो सर्वदा घातक असतो असेही नाही. तरुण पुरुषांत एकाच हातापायाचे मांस झडून काही वर्षांनी रोग तेथेच थांबतो, असा एक विकार आहे. जपानात हिरायामा यांनी 1959 साली आणि आपल्याकडे बंगळुरास गौरीदेवी यांनी 1984 साली त्याचे वर्णन केले. म्हणजे चिन्ह एक असले तरी त्यामागील कारणे अनेक असतात, आणि त्यांतून खरे कारण निवडून काढणे हे फोनचे काम नव्हे, तपासणाऱ्या हाताचे आहे.

त्या गृहस्थांस अकोटच्या डॉक्टरांनी तपासले ते याच क्रमाने. हसण्याचे तर नावच नव्हते. सदरा व बनियन काढावयास लावून त्यांनी दोन्ही खांदे, दंड, पाठ आणि मांड्या उजेडात पाहिल्या. जीभ तोंडात सैल ठेवून पाहिली. बाहेर काढलेली जीभ निरोग्याचीही थरथरते, हे त्यांनी समजावून सांगितले. हातापायांची शक्ती स्वतःच्या हाताने तोलली, रबरी हातोडीने गुडघे व कोपरे ठोकून पाहिली, टाचांवर आणि चवड्यांवर चालवून पाहिले. रक्त तपासणीस पाठविले. दोन दिवसांनी निकाल आले. थायरॉइड ठीक, क्षार ठीक. "काका," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या अंगातली ताकद जशीच्या तशी आहे. मांस लवते ते लवू द्या. रात्रीचा चहा सोडा, ती पुडी आजच बंद करा, आणि आरशात जीभ पाहणे तर आधी बंद करा. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. मधल्या काळात कुठे अशक्तपणा वाटला तर मात्र दुसऱ्याच दिवशी या." सुईने स्नायूंतील विद्युत् तपासण्याची जी रीत आहे, तिची गरज त्यांस तूर्त वाटली नाही. एड्रियन आणि ब्राँक यांनी 1929 साली त्या कामी लागणारी बारीक सुई प्रचारात आणल्यापासून ही तपासणी फार उपयोगी ठरली आहे. पण ती शक्ती कमी झाल्याची शंका असेल तेथे करावयाची, मनाच्या समाधानासाठी नव्हे.

गृहस्थ उठले. मनावरील ओझे उतरल्याने त्यांचा चेहराही बदलला होता. तेव्हा डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न विचारला, "शेतावर सध्या फवारणी कोण करते?"

"आमचा सालदार करतो, डॉक्टरसाहेब. मी फक्त औषध आणून देतो."

"तो बरा आहे ना?"

या प्रश्नावर गृहस्थ थबकले. चार दिवसांपूर्वीची संध्याकाळ त्यांस आठवली. सालदार पाठीवरचा पंप उतरवून अंगणात बसला होता. घामाने निथळत होता, तोंडास पाणी सुटले होते, दोनदा ओकला होता, आणि त्याच्या दंडाचे मांस उघड्या डोळ्यांनी दिसावे असे थरथरत होते. विचारले तेव्हा तो म्हणाला होता, "काई नाई मालक, फवाऱ्याचा वास डोक्यात गेला. रातभर झोपलो का बरं वाटीन." त्यास लिंबाचे सरबत देऊन घरी पाठविले होते. एक दिवस विसावा घेऊन तो पुन्हा पंप घेऊन गेला होता. त्याच संध्याकाळी गृहस्थ मात्र आपली पोटरी न्याहाळीत बसले होते.

डॉक्टरांनी सालदारास त्याच दुपारी बोलावून घेतले. त्याच्या डोळ्यांतील बाहुल्या अजूनही आक्रसलेल्या होत्या. रक्तातील कोलिनेस्टरेज किती उरले आहे हे पाहण्यासाठी त्यास अकोल्यास पाठविले. ते फार खाली गेलेले निघाले. त्यास तेथे ठेवून घेतले, काही दिवसांनी घरी सोडले आणि पुढील कित्येक आठवडे फवाऱ्याच्या वाऱ्यासही उभे राहू नये अशी ताकीद दिली. तो बरा झाला. परंतु तो प्रश्न विचारला गेला नसता, तर पुढच्या फवारणीनंतरची रात्र त्यास काढता आली असती असे कोणी सांगू शकणार नाही.

एकच चिन्ह, एकाच शेताशी संबंध असलेली दोन माणसे. एकाचे लवणे निरुपद्रवी होते आणि तो मरणाच्या तयारीस लागला होता. दुसऱ्याचे लवणे विषाचे होते आणि तो झोपून बरे वाटण्याची वाट पाहत होता. असे का व्हावे, याचे उत्तर मागे सांगितलेल्या जोडीत आहे. कपाशीवरील किडीसाठी वापरली जाणारी कित्येक विषे सेंद्रिय फॉस्फरसाच्या वर्गातील आहेत. जर्मनीत श्राडर हे कीटकनाशके शोधीत असता 1936 साली त्यांच्या हाती या वर्गातील एक अतिशय जहाल विष लागले आणि पुढे त्याचा युद्धासाठीही विचार झाला. हे विष कोलिनेस्टरेजला जखडून टाकते. घंटेचा नाद थांबविणाराच नाहीसा झाला की ॲसिटिलकोलीन साचत जाते. घाम, लाळ, अश्रू वाहू लागतात, पोटात कळा येऊन उलटी व जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती कफाने भरते. आणि स्नायू प्रथम थरथरतात व मग थकून लुळे पडतात. शेवटी श्वासाचे स्नायू थकले की मृत्यू ओढवतो. हे विष पोटातूनच जावे लागते असे नाही. घामाने भिजलेल्या कातडीतून आणि श्वासातूनही ते अंगात मुरते.

वऱ्हाडास हा धडा फार महाग पडलेला आहे. 2017 सालच्या पावसाळ्यात व त्यापुढील काही आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयांत दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. शेजारच्या जिल्ह्यांतूनही अशा रुग्णांची वार्ता आली. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, त्यामुळे फवारा डोक्याच्या उंचीवर उडून अंगावर येत होता. दोनतीन विषे एकत्र कालविली जात होती, उकाडा होता, आणि अंगावर सदऱ्यावाचून दुसरे संरक्षण नव्हते. शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. मृतांत हाताने फवारा मारणारेच होते; दुकानातून औषध आणून देणारे नव्हते, ही गोष्ट ज्यांचे शेत गावाकडे आणि घर शहरात आहे अशा श्रोत्यांनी लक्षात ठेवावी.

अशा प्रसंगी करावयाचे ते थोडे आहे, पण तत्काळ करावयाचे आहे. माणसास प्रथम शेतातून मोकळ्या हवेत आणावे. भिजलेले कपडे उतरवावेत आणि सर्वांग, केस व नखे यांसुद्धा, साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने स्वतःच्या हातांस जपावे. दूध, ताक, मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याच्या भरीस पडू नये. विषाची बाटली, निदान तिच्यावरील चिठ्ठी, रुग्णाबरोबर न्यावी. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली केलेल्या नियमांप्रमाणे तिच्यावर विषाचे नाव आणि उतारा छापलेला असतो, आणि त्रिकोणाचा रंग त्याचा जहालपणा सांगतो: तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. महाराष्ट्रात 2014 पासून 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. रुग्णालयात ॲट्रोपिन देतात. ते घाम, कफ आणि मंदावलेले हृदय यांवर काम करते. परंतु स्नायूंच्या थरथरीवर व दुर्बलतेवर त्याची मात्रा चालत नाही. त्यासाठी प्रालिडॉक्झिम हे दुसरे औषध योजतात आणि श्वास खुंटू लागला तर यंत्राचे साह्य देतात. आणखी एक सावधगिरी अशी की, बरे वाटले म्हणून रुग्णास घाईने घरी आणू नये. श्रीलंकेतील सेनानायके व करल्लियेद्दे यांनी 1987 साली दाखवून दिले की, प्रारंभीचा जोर ओसरल्यावर एक ते चार दिवसांच्या आत मान उचलेनाशी होते आणि श्वासाचे स्नायू पुन्हा गळतात. तेवढे दिवस रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली असावा.

विषबाधेची शंका नसेल, परंतु मांस दोनतीन आठवड्यांहून अधिक काळ लवत असेल, त्या श्रोत्याने डॉक्टरांकडे जाताना एक लहानशी टिपणवही बरोबर न्यावी. लवणे कोणत्या तारखेस सुरू झाले. एकाच ठिकाणी आहे की जागा बदलते. विसाव्यात अधिक की श्रमानंतर. झोप किती, चहा किती. कोणती औषधे, पुड्या, काढे व गोळ्या पोटात जातात. घरात, शेतात किंवा कामाच्या जागी कोणत्या विषाशी संबंध येतो. आणि कोणते रोजचे काम पूर्वी जमत होते व आता जमत नाही. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "असे काही नाही" हे असेल, तर निम्मी भीती तेथेच सरते. प्रथम गावातील डॉक्टरांस किंवा सरकारी रुग्णालयास दाखवावे. शक्ती कमी झाल्याचे आढळले तर ते मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे पाठवितात. अकोल्यास 2002 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि नागपुरास 1947 पासून. तेव्हा अकोटच्या माणसास त्यासाठी थेट मुंबई गाठण्याचे कारण नाही. लाज मात्र घरी ठेवून जावे. कोणत्याही शहाण्या डॉक्टरास निरुपद्रवी लक्षण पाहून कंटाळा येत नाही. उलट, उशिरा आलेला रुग्ण पाहून त्यास वाईट वाटते.

त्या गृहस्थांचे मांस अजूनही अधूनमधून लवते. पापणी फडफडली की आई विचारते, "उजवी का डावी?" आणि ते हसून सांगतात. कागदपत्रांची पिशवी पत्नीने पुन्हा कपाटात टाकली आहे. सालदारासाठी आता हातमोजे, चष्मा, तोंडावरचा मुखवटा आणि लांब बाह्यांचा सदरा शेतावरच्या खोलीत टांगलेला असतो; फवारणी सकाळच्या प्रहरी, वाऱ्याची दिशा पाहून होते, आणि दोन विषे एका पंपात कालविली जात नाहीत. फवारणीच्या दिवशी संध्याकाळी गृहस्थ स्वतः शेतावर जातात. सालदाराने साबण लावून अंघोळ केली की नाही हे विचारतात, त्यास उजेडात बसवितात, आणि क्षणभर त्याच्या डोळ्यांतील बाहुल्या व दंडाचे मांस निरखून पाहतात.